दगड सोडला असता तर

आमच्या घरातला कुलर वारा कमी देतो आणि आवाज जास्त. तरी वैशाखातल्या दुपारी त्याच्यापुढे सतरंजी टाकून पडावंच लागतं, नाहीतर आमच्या चंद्रपूरकडे माणूस भाजून निघतो. आज मी पडले आहे ती रागानं धुसफुसत. शेजारी माझी भाची समीक्षा भिंतीकडे तोंड करून निजली आहे. निजली आहे की नुसती पडली आहे, देव जाणे. पोर दहा-अकरा वर्षांची, पण मनातलं काही बाहेर येऊ देत नाही.

सकाळी शाळेचे नवे मुख्याध्यापक आले होते. उद्यापासून म्हणे उन्हाळी शिबिर आहे आणि त्याला माझ्या भावाचं नाव द्यायचं आहे. गावातल्या सगळ्या पोट्ट्यांना घेऊन तळ्यावर जायचं, दगडातले शंख शोधायचे, आणि पहिला दगड उचलायचा तो दिवाकर मास्तरांच्या मुलीनं. मग फोटो, मग पेपरात बातमी. मी म्हटलं, "सर, त्या तळ्यानं तिचा बाप खाल्ला. तिथं तिले फोटोसाठी उभी करू?" तर म्हणतात, "ताई, मास्तरांनी ज्ञानासाठी प्राण दिले." माझं डोकंच फिरलं. ज्ञानासाठी! मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते गेल्यावर समीक्षाला म्हटलं, कुठंही जायचं नाही, विषय संपला. ती आत निघून गेली.

तुम्हाला म्हणून सांगते, माझा राग गावात कुणालाच कळत नाही. त्यांना वाटतं, भागरथाबाई दुःखानं चिडचिडी झाली. दुःख आहेच, ते कुठे जाणार? पण मी चिडले आहे ती दिवाकरवर. माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर.

आम्ही ढिवर. तळं म्हणजे आमचं अंगण. मी जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन मासे विकले आणि याला शिकवलं. हा मास्तर झाला, फिरत फिरत आपल्याच गावच्या शाळेत आला, आणि मासे सोडून दगडांच्या नादी लागला. झालं असं की मुरूम काढायला ठेकेदाराची मशीन तळ्यात उतरली. तिनं तळ उकरला, काठावर ढिगारे घातले, आणि त्या ढिगाऱ्यांत निघाले गारेचे दगड, ज्यांच्या पोटात शंख. शंखही दगडाचेच, करंगळीच्या नखाएवढे. दिवाकर वेडाच झाला. दर रविवारी पोट्ट्यांची पलटण घेऊन हा काठावर. घरी यायचा तेव्हा खिसे फाटलेले.

माघात पाणी उतरतं, काठ रुंद होतो. त्या रविवारी पाण्यात एक मोठी शिळा दिसली, शंखांनी खच्चून भरलेली. हा पोट्ट्यांना म्हणाला, तुम्ही इथंच थांबा, मी आणतो, गुडघाभर तर पाणी आहे. आता त्या जागी आमच्या आज्यापासून गुडघाभरच पाणी होतं. आमच्या लोकांना तळं डोळ्यांनी बघावं लागत नाही, पायांना पाठ असतं. परका माणूस असता तर आधी काठी टाकून पाहिली असती. ढिवराच्या पोराला कशाला काठी लागते! मशीननं तिथं खड्डा करून ठेवला होता आणि वरून पाणी सारखंच दिसत होतं. शिळा छातीशी धरून हा वळला आणि पाय खड्ड्यात गेला. खाली गाळ. पोहायला मीच शिकवला होता त्याला, मरळीसारखा पोहायचा. दगड सोडला असता तर वर आला असता. नाही सोडला. बाहेर काढला तेव्हाही ती शिळा त्याच्या हातात होती.

समीक्षाची आई आधीच काविळीनं गेलेली. आता पोर माझ्याजवळ आहे.

कुलरची घरघर थोडी खाली उतरते. टाकीतलं पाणी ठिबकून माझ्या पायाशी ओल आली आहे. उठून फडकं टाकायला पाहिजे, असं मी मनात म्हणते आणि उठत नाही. ओल वाढते. आधी बोटांना गार लागतं, मग घोट्यांना. सतरंजी कुठे गेली ते कळत नाही. मी तळ्याच्या काठाशी बसलेली आहे, आणि दिवाकर मुरमाच्या ढिगावर उकिडवा बसून दगड निवडतो आहे.

त्याच्या अंगात शाळेतला निळा शर्ट आहे, चिंब ओला. भोवती पोट्टे आहेत. कुणाचं तोंड नीट दिसत नाही, मातीनं भरलेले हात तेवढे दिसतात.

"बाई, आली का?" तो मान वर न करता म्हणतो. "सावलीत बस. ऊन लागन."

"मेल्या!" माझ्या तोंडून पहिला शब्द हाच निघतो.

"ते तर झालंच ना आता," तो म्हणतो, आणि पोट्टे खिदळतात.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. "हसून काय राहिला रे? लाज नाही वाटत? इकडे माझ्या जिवाची काय दशा झाली आणि तू इथं दगड निवडून राहिला?"

"एक मिनिट, बाई," तो म्हणतो. शाळेतही असंच करायचा, मी डबा घेऊन दारात उभी आणि याचं एक मिनिट. "हं, पोट्टेहो, इकडे पाहा. कोरड्या दगडात काही दिसत नाही. मग काय करायचं?"

"थुंकी लावायची, सर!"

सगळे आपापल्या दगडाला थुंकी लावून अंगठ्यानं चोळतात. दगड ओला झाला की आतले शंख वर येतात हे खरंच आहे. मलाही त्यानं एकदा करायला लावलं होतं. मी म्हटलं होतं, लोक दगडाला शेंदूर लावतात आणि तू थुंकी लावतो, धन्य आहे तुझी.

"आणि हे किती जुने?" तो विचारतो.

"साडेसहा कोटी वर्षं!" पोट्टे एका सुरात ओरडतात.

"आणि तू?" मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडते. "तू किती टिकला? चाळीस तरी पुरी केली का?"

तो फळ्याकडे वळतो. फळा आहे, कारण आपण शाळेत आहोत. बाकांच्या पायांशी पाणी आलं आहे आणि त्यात पोट्ट्यांच्या चपला तरंगत आहेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. कोपऱ्यातल्या मडक्यावर पेला उपडा घातला आहे, तो पाण्याच्या लाटेनं हळूहळू वाजतो. समोरच्या भिंतीवर दिवाकरचा फ्लेक्स लावला आहे. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात त्याला कोट आहे, टाय आहे. जन्मात कधी घातला नाही, मेल्यावर गावानं घातला.

"हा कोन व बाई?" दिवाकर फ्लेक्सकडे बघून विचारतो.

"तूच. चौकात टांगला होता. मग कोनंतरी काढला आणि गुरांच्या कुटाराच्या ढिगावर झाकला. आता तुझ्या तोंडावर बकऱ्या झोपतात."

"बकऱ्या? कोनाच्या?"

"कपाळ माझं! कोनाच्या बकऱ्या हे विचारतो?"

"नाही, बाप्पाजीनं दोन घेतल्या होत्या, त्या मोठ्या झाल्या असतीन आता," तो म्हणतो, अगदी मनापासून.

बाप्पाजी आमचा शेजारी. त्याच्या बकऱ्यांची याला काळजी आहे. माझे हात शिवशिवतात. मारावं म्हणते, पण मधे बाकं आहेत, आणि पाण्यातून चालायला फार वेळ लागतो. "ठेकेदार आला होता तुझ्या मयतीले," मी त्याला सांगते. "हा एवढा हार घेऊन. म्हणे, मास्तर सज्जन होते. खड्डा बुजवला नाही त्यानं, तिथं एक काठी रोवली नाही, चिंधी बांधली नाही, आणि हार घेऊन आला. मी तो हार त्याच्याच गाडीवर फेकला. सगळं गाव मलेच म्हणे, भागरथा, असं करू नये."

"त्याच्या मशीननं दगड लय चांगले निघाले पण," दिवाकर म्हणतो.

मी बाजारात बसलेली आहे. आमचा रविवारचा बाजार, आजूबाजूला मिरची-लसणाची दुकानं, माझ्यापुढे टोपली आणि टोपलीवर ओलं पोतं. मी रागारागानं पोतं बाजूला करते. आत मरळ नाही, झिंगे नाहीत. दगडच आहेत. गिऱ्हाईक वाकून बघतं आहे आणि ते गिऱ्हाईक दिवाकर आहे, पायात चप्पल नाही, डोक्याचं पाणी गालांवरून गळतं आहे.

"ताजे आहेत का?" तो विचारतो.

लहानपणी तो टोपलीपाशी असाच खोटं खोटं गिऱ्हाईक व्हायचा आणि मला हसू यायचं. आता येत नाही.

"थट्टा नको करू माझ्याशी," मी म्हणते. "ही टोपली डोक्यावर वागवून मी तुले मास्तर केलं. इथले केस गेले माझे, हे बघ, हात लावून बघ. पाय फुटले, कंबर गेली. कशासाठी? तू दगड उराशी धरून मरावं म्हणून?"

"बाई, त्या दगडात जीव होता कधीतरी."

"आणि तुझ्यात नव्हता?"

यावर तो एक दगड उचलतो, उलटापालटा करतो, परत टोपलीत ठेवतो. आजूबाजूचा बाजार ओरडतो आहे, पण आवाज कुठून तरी लांबून, कुलरच्या आतून आल्यासारखा येतो.

"सोडला काहून नाही?" मी विचारते. हेच विचारायचं होतं मला. चितेपुढे विचारलं, तेराव्याला विचारलं, न्हाणीत अंगावर पाणी घेताना विचारलं, आणि उत्तर द्यायला हा नव्हता. "सांग ना. एवढा पोहणारा तू. हात मोकळे केले असते की वर आला असता. काहून नाही सोडला?"

तो विचार करतो. वर्गात मुलांनी काही अवघड विचारलं की करायचा तसा, मान तिरपी करून.

"वाटलं, आता पाय टेकन," तो म्हणतो. "आपल्या तळ्यात टेकतोच ना बाई. म्हटलं, आता टेकन, मग टेकन."

मला रडू यायला पाहिजे. येत नाही, रागच येतो, आणि आधीपेक्षा जास्त. "अरे, तळं उकरलं होतं! तू स्वतः त्या ढिगाऱ्यावर बसून राहत होता. ढीग वर आला तर खाली खड्डा पडला असन, एवढं समजलं नाही तुले? की समजून घ्यायचंच नव्हतं? आपलं तळं, आपलं तळं! काय केलं आपल्या तळ्यानं?"

"भूक लागली, बाई," तो म्हणतो.

तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला आहे. मी चुलीशी आहे. हे घरात गॅस यायच्या आधीचं घर आहे, चुलीत लाकूड फुटतं आहे आणि भाताचं झाकण थडथडतं आहे. "भात वाढू का?" म्हणत मी त्याला वाढते. राग असला म्हणून काय झालं, पाटावर बसलेल्या माणसाला वाढायचं नाही असं मला येतच नाही. भात, वर झिंग्यांचा रस्सा, कडेला मीठ. तो भुकेल्यासारखा खातो. कोपरावरून पाणी ठिबकतं आणि पाटाभोवती थारोळं होतं.

"ट्रंकेतले दगड नीट आहेत ना?" तो विचारतो.

"आहेत. खाटेखाली आहेत. तुझी पोर त्याच खाटेवर झोपते."

"त्यात एक मोठा शंख आहे. टोक जरासं तुटलेलं. तो खाली ठेवू नको, वरून बाकीचे पडतीन."

"ऐकलं का मी काय म्हटलं ते? तुझी पोर."

"आणि धूळ बसली तर कोरड्या फडक्यानंच पुसायचं."

मी पळी आपटते. रस्सा भिंतीवर उडतो. "बकऱ्यांचं विचारलं!" मी म्हणते. माझा आवाज फाटतो. "दगडांचं विचारलं. आल्यापासून एकदा तरी पोरीचं विचारलं का? नाव तरी आठवते? समीक्षा! तूच ठेवलं होतं ते, मले म्हणताही येत नव्हतं, शिकली मी. आई नाही तिले, बाप होता तर तोही दगडापायी गेला. जाताना एक शब्द बोलला नाही. ती बोलत नाही, रडत नाही, सांगितलं ते करते. एवढ्या लहान पोरीनं इतकं शहाणं असू नये रे. विचार ना तिचं. जेवते का, झोपते का, उंची वाढली का. काहीही विचार!"

दिवाकर ताटात बघतो. भाताखाली काही शोधल्यासारखं बोट फिरवतो. मग पाण्याचा पेला उचलून सगळा पितो आणि उठतो.

"पोट्टे वाट पाहत असतीन," तो म्हणतो.

"कोनते पोट्टे? लोकांचे?"

"एकटे आहेत ना काठावर."

स्वयंपाकघराचं मागचं दार तळ्यात उघडतं. पायरी संपली की पाणी. दुपारचं ऊन त्याच्यावर पडून डोळे दिपतात आणि पलीकडे काठावर पोट्टे हात वर करून दगड दाखवत आहेत. दिवाकर पायरी उतरतो. मी धावते. लुगडं पायात येतं, तरी धावते, आणि त्याचं मनगट पकडते.

"गुडघाभरच आहे, बाई."

"खबरदार पाऊल टाकलं तर!"

"सोड ना. आणतो आणि येतो."

"नाही सोडत. मागच्या खेपेला मी बाजारात होती, आज इथं आहे. आधी पोरीचं विचार. मग जा आणि मर जिथं मरायचं तिथं!"

असं मी बोलते. पाठच्या भावाला असं बोलते, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. तो हिसका देत नाही. फक्त चालत राहतो, आणि पाणी त्याच्याकडून ओढतं. माझे पाय पायरीवरून सुटतात. मी दुसरा हातही घालते आणि आवळते, सगळी ताकद लावून आवळते. पाणी कमरेला येतं. त्याचं मनगट माझ्या मुठीत बारीक होत जातं. मास्तराचं मनगट राहत नाही, तळ्याच्या पाळीवरून हात धरून त्याला पहिल्यांदा शाळेत नेलं तेव्हाचं होतं, दोन बोटांत मावणारं. तरी मी सोडत नाही.

"दुखते," तो म्हणतो.

"दुखू दे!"

"लय दुखते."

"दुखू दे म्हटलं ना!"

"आत्या, दुखते ना."

कुलर बंद आहे. लाईट गेली आहे. घरात एवढी शांतता आहे की बाहेर उंबरावरचे पक्षी ऐकू येतात. मी घामानं निथळते आहे, घसा सोलवटल्यासारखा झाला आहे, आणि माझ्या दोन्ही हातांत समीक्षाचं मनगट आहे. ती सतरंजीवर उठून बसली आहे. माझी बोटं लगेच सुटत नाहीत. तीच दुसऱ्या हातानं एकेक सोडवते.

गोऱ्या कातडीवर माझ्या बोटांचे लाल वळ उठले आहेत. अंगठ्याचं नख रुतून एका जागी रक्ताचा टिपूस आला आहे.

"आवाज काहून नाही दिला मले?" मी खेकसते. राग अजून उतरलेला नाही, आणि समोर तीच आहे.

"दिला ना आता."

"आधी काहून नाही दिला? एवढं होऊस्तोवर वाट पाहत बसली?"

ती मनगट मांडीवर घेऊन बघत राहते. "तू बाबांशी भांडून राहिली होती," ती म्हणते. "तू त्यांचं नाव घेतलं. मग म्हटलं, दगड काहून नाही सोडला. मग भात वाढू का म्हटलं. मले वाटलं, तुले उठवलं तर बाबा निघून जातीन. म्हणून हात तसाच राहू दिला."

मी पदरानं तोंड पुसते, मग उगीच कुलरची कळ खालीवर करते. लाईट नाही हे मला माहीत आहे.

"आत्या," ती म्हणते. "बाबांनी माझं विचारलं?"

बकऱ्यांचं विचारलं तुझ्या बापानं. तुटक्या टोकाच्या शंखाचं विचारलं. माझ्या हातचं पोटभर जेवला आणि तुझं नाव काढलं की ताटात बोट फिरवत बसला. हे सगळं माझ्या जिभेवर येतं आणि जिभेवरच जळतं.

"विचारलं," मी म्हणते. "आल्याबरोबर तुझंच विचारलं."

"काय विचारलं?"

"जेवते का बरोबर, म्हणे. झोपेत अजून पांघरूण फेकते का, म्हणे. उंची किती वाढली, ते हातानं दाखव म्हणे."

"मग तू दाखवली?"

"दाखवली."

"कुठपर्यंत?"

मी माझ्या खांद्याजवळ हात धरते. ती जरा ताठ होते, बसल्या जागीच. मग म्हणते, "थोडी कमी आहे ना मी तिथून?"

"वाढून राहिली ना, म्हणून तसं सांगितलं."

ती मान हलवते. तिला ते पटतं. मी उठते, कपाटातून खोबरेल तेलाची बाटली आणते आणि तिच्यापुढे बसते. "आण तो हात इकडे."

"नको," ती म्हणते आणि मनगट दुसऱ्या हातानं झाकून पोटाशी धरते. "तेलानं लवकर जातीन ते वळ. राहू दे."

मी बाटलीचं झाकण परत लावते. त्या वेळी दिवाकर माझ्यासमोर असता ना, तर मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या.